कॉफीवरचा तांबेरा, बुडालेली बँक आणि मध्यवर्ती बँकांची नवी परीक्षा

३ मे १८८४. लंडनमधील ओरिएंटल बँक कॉर्पोरेशनने व्यवहार थांबवले. ही कुठल्या गल्लीतली पेढी नव्हती. १८४२ साली मुंबईत ‘बँक ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाने तिचा जन्म झाला. तीन वर्षांत मुख्यालय लंडनला गेले, नाव बदलले आणि १८५१ मध्ये राजसनद मिळाली. हाँगकाँगमधील पहिली बँक हीच आणि तिथल्या पहिल्या बँकनोटाही हिच्याच. आशियात व्यापार करणाऱ्या ब्रिटिश बँकांमध्ये एके काळी हिचा दबदबा होता.

ही बँक बुडाली त्याला अनेक कारणे होती. त्यांतले एक कारण मात्र कोणत्याही हिशेबवहीत नोंदलेले नव्हते. ते सिलोनमधल्या कॉफीच्या पानांच्या खालच्या बाजूला, नारिंगी भुकटीच्या रूपात वाढत होते.

आज जगभरातील मध्यवर्ती बँका आणि वित्तीय पर्यवेक्षक ‘हवामान आणि जैवविविधता ताणचाचणी’ नावाचा प्रयोग करत आहेत. पूर आला, दुष्काळ पडला, कार्बनवर अचानक मोठा कर बसला, परागीभवन करणारे कीटक नाहीसे झाले, तर बँकांची किती कर्जे बुडतील आणि ठेवीदार सुरक्षित राहतील का, हे संकट येण्यापूर्वी कागदावर तपासायचे, एवढाच तिचा अर्थ. कल्पना नवी वाटते. तिच्यामागचा प्रश्न मात्र सिलोनइतका जुना आहे. त्याचाच हा धागा.

आधी सिलोन, म्हणजे आजचा श्रीलंका. १८३० च्या दशकापासून कँडीच्या डोंगराळ प्रदेशातील जंगले तोडून कॉफीचे मळे लावण्याचा सपाटा सुरू झाला. ज्या जमिनीवर मालकीचा कागद दाखवता येत नाही ती सरकारजमा, असा १८४० चा कायदा मळेवाल्यांच्या पथ्यावर पडला. राबायला दक्षिण भारतातून तमिळ मजूर आले आणि पैसा बँकांकडून आला. मळा गहाण, येणारे पीक गहाण आणि त्यावर कर्ज, असा व्यवहार होता. १८७० च्या सुमारास सिलोनची गणना जगातील प्रमुख कॉफी-उत्पादकांमध्ये होत असे.

डोंगरामागून डोंगर एकाच जातीच्या झुडपांनी झाकलेले. मध्ये वारा अडवणारी झाडी नाही, सावलीचे वृक्ष नाहीत. शेतीच्या भाषेत ही एकपीक पद्धती. बुरशीच्या दृष्टीने पाहिले तर अन्नाचे अखंड ताट.

१८६९ मध्ये पेरादेणिया उद्यानाचे संचालक थ्वेट्स यांच्याकडे रोगट पाने आली. त्यांनी नमुने इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांना पाठवले. बर्कली यांनी या नव्या बुरशीला ‘हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘व्हॅस्टॅट्रिक्स’ म्हणजे उद्ध्वस्त करणारी. नाव देताना एवढे गांभीर्य होते. मळेवाल्यांना ते पुढची कित्येक वर्षे वाटले नाही.

का वाटले नाही, हा या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग. तांबेऱ्याने झुडूप लगेच मरत नाही. पाने गळतात, नवी फुटतात, पुन्हा गळतात आणि झुडूप थकत जाते. एक वर्ष पीक पडते, पुढच्या वर्षी थोडे सावरते. नेमक्या त्याच दशकात जागतिक बाजारात कॉफीचे भाव चढले. एकरी उत्पादन घटत असतानाही मळेवाल्यांच्या हाती पैसा येत राहिला. भाव चांगला म्हणून त्यांनी नवी जंगले तोडून लागवड वाढवली आणि बँकांनी त्यासाठी कर्ज दिले. कॉफीखालील क्षेत्र रोग आल्यानंतर वाढले आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस पावणेतीन लाख एकरांच्या आसपास पोहोचले. मळ्याचे मूल्यांकन करणाऱ्याने त्या काळात केवळ उत्पन्नाचे आकडे पाहिले असते, तर त्याला चिंतेचे कारण दिसले नसते.

मग भाव उतरले, आणि झाकलेले सगळे एकदम उघडे पडले. १८८० मध्ये तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांना सिलोनला पाठवण्यात आले. बुरशीचे बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि अखंड एकपिकी मळे हेच त्यांच्या प्रसाराचे वाहन आहे, हे त्यांनी दाखवून दिले. निदान अचूक होते, पण उपाय करण्याची वेळ निघून गेली होती. मळे कवडीमोलाने विकले जाऊ लागले. हजारो मजुरांची रोजी गेली. त्यांतले अनेक समुद्र ओलांडून परत गेले, आणि जे मागे राहिले त्यांचे हाल झाले.

ओरिएंटल बँकेच्या हाती उरले ते गहाण मळे. पैसा परत येण्याचा मार्ग हे मळे, आणि पैसा परत न आल्यास जप्त करायचे तारणही हेच. रोगाने एकाच घावात दोन्ही नेले. एकट्या तांबेऱ्यावर सगळे खापर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. मॉरिशसच्या साखरेत बँकेचा पैसा अडकला होता, चांदीची किंमत घसरत होती, आणि कारभारही धड नव्हता. पण दुर्बळ बँकेवर शेवटचा भार कोणता पडला हे पाहायचे तर सिलोनकडेच पाहावे लागते.

बँक बंद पडली तेव्हा सिलोनमध्ये तिच्या नोटा रोजच्या व्यवहारात होत्या. बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या खिशातला कागद एका दिवसात रद्दी होण्याची वेळ आली. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी सरकारच्या वतीने त्या नोटांची हमी घेतली आणि पुढची धावाधाव टळली. त्याच वर्षी सिलोन सरकारने स्वतःच्या नोटा काढण्याचा कायदा केला. निसर्गातील आघात बँकेत, बँकेतून बाजारात आणि बाजारातून सरकारी तिजोरीत कसा उतरतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण एकोणिसाव्या शतकात क्वचितच सापडेल. बँक ‘न्यू ओरिएंटल’ या नावाने पुन्हा उभी राहिली. तीही १८९२ मध्ये बुडाली.

(एक लोकप्रिय दंतकथा येथे बाजूला सारावी. तांबेऱ्यामुळे इंग्रज कॉफी सोडून चहा पिऊ लागले, असे वारंवार सांगितले जाते. इंग्लंड त्याच्या कितीतरी आधीपासून चहाबाज होते. तो चहा चीनमधून येत असे. तांबेऱ्यामुळे बदलले ते सिलोनचे पीक.)

१८८४ मध्ये बँकांवर देखरेख ठेवणारा आजच्यासारखा पर्यवेक्षक नव्हता. ‘तुमची किती कर्जे एका झुडपावर अवलंबून आहेत’ असे ओरिएंटल बँकेला विचारायला कोणी बांधील नव्हते. असा प्रश्न विचारण्याची पद्धत रूढ व्हायला आणखी शंभर वर्षे लागली. तीही निसर्गाच्या काळजीतून आली नाही.

२४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे अँड्र्यू हे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळले. त्या भागाने जवळपास पाव शतक मोठे वादळ पाहिले नव्हते. विमा कंपन्यांचे दर मागील काही दशकांच्या नुकसानीवरून ठरत, आणि ती दशके शांत गेली होती. दरम्यान किनाऱ्यावर घरांची दाटी झाली होती. वादळानंतर कॅरेन क्लार्क यांच्या छोट्याशा संस्थेने संगणकीय प्रतिमानाच्या आधारे नुकसान १३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकते असे कळवले. विमा व्यवसायातील अनेकांना ही अतिशयोक्ती वाटली. प्रत्यक्ष विमा-दावे सुमारे १५.५ अब्ज डॉलरवर गेले आणि अकरा विमा कंपन्या बुडाल्या. त्यानंतर विमा व्यवसायाने एक मोठा बदल स्वीकारला. जे घडले त्याची सरासरी काढण्याऐवजी जे घडू शकते त्याची कल्पना करायची.

त्याच १९९२ मध्ये अमेरिकेने गृहकर्जांना आधार देणाऱ्या फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन महाकाय संस्थांसाठी ताणचाचणीचा कायदा केला. संकटाचा नमुना म्हणून १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर लुइझियाना, ओक्लाहोमा परिसरात झालेली गृहकर्जांची पडझड घेतली गेली. गणिताची सूत्रे एकदा ठरली ती ठरलीच. गृहकर्जांचे स्वरूप बदलले, चाचणी बदलली नाही. दोन्ही संस्था उत्तीर्ण होत राहिल्या. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला त्या ताब्यात घ्याव्या लागल्या.

युरोपातही तेच. जुलै २०१० च्या चाचणीत आयर्लंडच्या दोन्ही मोठ्या बँका उत्तीर्ण झाल्या आणि नोव्हेंबरात आयर्लंडने मदतीसाठी हात पसरले. जुलै २०११ मध्ये उत्तीर्ण झालेली डेक्सिया बँक ऑक्टोबरात मोडीत निघाली. एक अपवाद नोंदवायला हवा. २००९ च्या वसंतात अमेरिकेने १९ मोठ्या बँकांची चाचणी घेतली आणि त्यांतील दहा बँकांना मिळून सुमारे ७५ अब्ज डॉलरचे जादा भांडवल लागेल असे जाहीर करून टाकले. वाईट बातमी नावानिशी सांगितल्यावर बाजार सावरला. चाचणीची धार संकटाच्या कल्पनेइतकीच असते, आणि निकाल सांगण्याच्या धैर्याइतकी.

हवामान या चाचण्यांत आले ते याच वळणावर. २९ सप्टेंबर २०१५ रोजी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनच्या लॉइड्समध्ये, म्हणजे विमा व्यवसायाच्या पंढरीतच, भाषण केले. त्यांचा मुद्दा काळाचा होता. चलनविषयक धोरण दोन-तीन वर्षांचा विचार करते, वित्तीय स्थैर्याची देखरेख फार तर दहा वर्षांचा, आणि हवामानबदलाचा खरा घाव त्यापलीकडे बसणार. तो स्पष्ट दिसेल तेव्हा उपायाची वेळ टळलेली असेल. १८८० मध्ये सिलोनला पोहोचलेल्या वॉर्ड यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

डिसेंबर २०१७ मध्ये पॅरिसमध्ये आठ मध्यवर्ती बँका आणि पर्यवेक्षकांनी मिळून एक जाळे उभारले. ते ‘एनजीएफएस’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने पहिल्या गंभीर चाचण्यांपैकी एक घेतली. कार्बनची किंमत टनामागे एकदम १०० डॉलरने वाढली तर? हरित तंत्रज्ञान अचानक स्वस्त होऊन जुने उद्योग निकामी झाले तर? दोन्ही एकत्र घडले तर? सर्वांत वाईट प्रसंगात बँकांचे नुकसान तपासलेल्या मालमत्तेच्या सुमारे ३ टक्के, विमा कंपन्यांचे ११ टक्के आणि निवृत्तिवेतन निधींचे १० टक्के निघाले. समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशाने पुराआधी धोरणबदलाचा धोका मोजावा, हे वरकरणी विचित्र दिसते. पण धोरण एका रात्रीत बदलू शकते, आणि बँकेच्या कर्जाची मुदत पाच-सात वर्षांची असते.

२०२२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने १०४ बँकांची हवामान चाचणी घेतली. ज्या ४१ बँकांनी नुकसानीचे अंदाज दिले, त्यांची बेरीज सुमारे ७० अब्ज युरो झाली. हा आकडा खऱ्या धोक्यापेक्षा बराच कमी आहे, अशी कबुली पर्यवेक्षकांनीच दिली. त्याहून बोलका निष्कर्ष वेगळा होता. सुमारे ६० टक्के बँकांकडे हवामान ताणचाचणीची स्वतःची व्यवस्थाच नव्हती. अनेकांना आपल्या कर्जदारांचे उत्सर्जन किती हे ठाऊक नव्हते आणि त्यांनी सरासरीवरून अंदाज बांधले होते. या चाचणीच्या निकालावरून कोणत्याही बँकेला थेट जादा भांडवल उभारायला लावले गेले नाही. २००९ च्या अमेरिकी चाचणीशी तुलना केली की यातला मवाळपणा लक्षात येतो.

हवामानाला निदान एक मोजपट्टी आहे. उत्सर्जन टनात मोजता येते, तापमान अंशात. जैवविविधतेला अशी एकच पट्टी नाही. गांडूळ, वटवाघूळ, खारफुटी आणि मधमाशी यांची बेरीज कोणत्या एककात करायची? म्हणून पर्यवेक्षकांनी प्रश्न उलटा केला. निसर्ग किती उरला हे मोजण्याऐवजी कर्जदाराचा धंदा निसर्गाच्या कोणत्या सेवेवर चालतो, हे पाहायचे. भूजल, परागीभवन, पूरनियंत्रण, जमिनीचा कस, कीड आटोक्यात ठेवणारे इतर जीव, अशा सेवांशी प्रत्येक उद्योगाची सांगड घालणारा ‘एन्कोअर’ नावाचा माहितीसंच त्यासाठी वापरला गेला.

२०२० मध्ये डच मध्यवर्ती बँकेने १.४ लाख कोटी युरोंची गुंतवणूक या चाळणीतून काढली. त्यांतील ५१० अब्ज युरो, म्हणजे ३६ टक्के, अशा कंपन्यांत होते ज्या किमान एका परिसंस्था-सेवेवर मोठ्या किंवा फार मोठ्या प्रमाणात विसंबून आहेत. केवळ परागीभवनावर अवलंबून असलेल्या उत्पादनांशी निगडित रक्कम २८ अब्ज युरो निघाली. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या वित्तसंस्थांकडील रोख्यांबाबत हेच प्रमाण ४२ टक्के काढले. त्या अहवालाच्या शीर्षकात रेचल कार्सन यांच्या १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाची आठवण होती. जागतिक बँकेच्या अभ्यासात ब्राझीलच्या बँकांच्या उद्योगकर्जांसाठी हा आकडा ४६ टक्के आला, मलेशियासाठी ५४.

हे आकडे बातम्यांत गाजले. पण ते नुकसानीचे आकडे नव्हेत, ही खूणगाठ बांधली पाहिजे. ते अवलंबित्वाचे आहेत. सिलोनच्या मळेकर्जांवर हीच पद्धत १८६८ मध्ये लावली असती तर उत्तर जवळजवळ शंभर टक्के आले असते, आणि १८७८ मध्येही तेच आले असते. बुरशी केव्हा येईल, किती वेगाने पसरेल, भाव किती काळ तिला झाकून ठेवील, पर्यायी पीक लावायला किती वर्षे लागतील, यांपैकी काहीही त्या एका टक्केवारीत नाही. अवलंबित्वापासून नुकसानीपर्यंतचा पूल अजून पूर्ण बांधलेला नाही. जैवविविधतेच्या ताणचाचणीची खरी अडचण तीच आहे.

त्यात आणखी एक गुंता. निसर्गाचा ऱ्हास सरळ रेषेत होत नाही. बराच काळ काही होत नाही, आणि मग एकदम होते. प्रतिमाने मात्र गुळगुळीत वक्ररेषा काढतात. तीन अंश तापमानवाढ झाली तरी अर्थव्यवस्थेचे फारसे बिघडत नाही, असे दाखवणाऱ्या अंदाजांवर ब्रिटनमधील विमागणितज्ञांच्या संस्थेने एक्सेटर विद्यापीठासह २०२३ मध्ये कडक टीका केली. विमागणितज्ञ हा पेशा सहसा आरडाओरडा करणारा नाही, म्हणून ती टीका अधिक टोचली.

उलट दिशेची चूकही होते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तिची गोष्ट ओळखीची वाटेल. २०२४ मध्ये जर्मनीतील पॉट्सडॅम येथील संशोधकांचा एक निबंध ‘नेचर’मध्ये आला. हवामानबदलाने होणारे आर्थिक नुकसान तोवरच्या अनेक अंदाजांपेक्षा बरेच मोठे असल्याचे त्यात म्हटले होते. एनजीएफएसने आपल्या नव्या परिदृश्यांत तोच आधार घेतला आणि जगभरच्या पर्यवेक्षकांच्या चाचण्यांत दाखवल्या जाणाऱ्या नुकसानीचा आकडा मोठा झाला. २०२५ मध्ये इतर संशोधकांनी दाखवले की निष्कर्षाचा बराच भार एकट्या उझबेकिस्तानच्या जुन्या, विसंगत आकडेवारीवर होता. डिसेंबर २०२५ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. एका देशाची सदोष साधने, आणि त्यांवर उभे राहिलेले अनेक देशांचे हिशेब. मूळ साधन तपासण्याचा इतिहासकाराचा हट्ट येथे किती उपयोगी पडला असता!

हवामानबदल हे थोतांड आहे, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. दुरुस्तीनंतरही नुकसान मोठेच राहते. पण टीकाकारांना निमित्त मिळाले, आणि तेही अडचणीच्या वेळी. जानेवारी २०२५ मध्येच अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह एनजीएफएसमधून बाहेर पडली होती.

भारताची रिझर्व्ह बँक या जाळ्यात एप्रिल २०२१ मध्ये सामील झाली. जुलै २०२२ मध्ये तिने हवामान-जोखमीवर चर्चापत्र काढले आणि बँकांनी परिदृश्य-विश्लेषण व ताणचाचणीची तयारी करावी अशी दिशा दाखवली. तिचे मुख्यालय मुंबईत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला ते हेच शहर.

महाराष्ट्राला पीक आणि कर्ज यांचा सांधा अपरिचित नाही. आणेवारी, आजची पैसेवारी, हे त्याचेच जुने मोजमाप. पीक पन्नास पैशांच्या खाली उतरले की गाव टंचाईग्रस्त, मग सवलती, मग कर्जाची पुनर्रचना. पण पैसेवारी लागते ती पीक हातचे गेल्यावर. ताणचाचणीला हीच माहिती पेरणीच्या आधी हवी असते. तालुकानिहाय पाऊस, भूजल, पिकांची एकजिनसीपणा आणि त्याच तालुक्यातील कर्जे एका ठिकाणी जुळवून ठेवलेली हवी असतात. अशी माहिती विखुरलेली आहे, हे रिझर्व्ह बँकेनेच मान्य केले. तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये हवामान-जोखमीच्या माहितीचे सामाईक भांडार उभारण्याची घोषणा केली ती त्यासाठीच.

राहता राहिला तांबेरा. सिलोननंतर तो दक्षिण भारत, जावा, आफ्रिका असा पसरत गेला. ब्राझीलला समुद्राचे कवच शंभर वर्षे पुरले. १९७० मध्ये तो तिथल्या बाहिया प्रांतात सापडला. २०१२-१३ मध्ये मध्य अमेरिकेतील देशांत त्याची मोठी साथ आली आणि लाखो मजुरांचा रोजगार गेला. जगातील कॉफीचे लक्षावधी एकर आजही मोजक्याच, एकमेकींच्या जवळच्या जातींनी व्यापलेले आहेत आणि त्यांवर कर्जे चालू आहेत.